टरफल न गिळणाऱ्या नवसाबाई

तुम्ही आजवर किती कॅप्सूल गिळल्यात, आणि त्यांतल्या एकीचं तरी टरफल कशाचं असतं हे गिळण्याआधी कुणाला विचारलंत?

नाही ना? वाटलंच मला. बाजारात मेथीची जुडी चारदा उलटीपालटी करणारे, रिक्षावाल्याशी सीबीएसपासून पंचवटीपर्यंत हुज्जत घालणारे आपण नाशिककर औषधाच्या दुकानापुढे मात्र तीर्थ घ्यायला आल्यासारखे उभे राहतो. तळवा पुढे, मान खाली, घोट पाणी, झालं.

नवसाबाईंनी विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी ते स्वतःच शोधलं. त्याबद्दल निफाड तालुक्यातल्या त्यांच्या गावानं पंचवीस वर्षं त्यांचा जो गौरव केला तो असा: "ती बघा, कॅप्सूल सोलणारी आली."

बाई चौसष्ट वर्षांच्या. शाळा दुसरीपर्यंत. तीन एकर द्राक्षबाग, आणि त्या बागेत विरळणीला त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. कुठला मणी पुढे धरणार आणि कुठला शेजाऱ्याला चेंगरणार, हे त्यांना मणी ज्वारीएवढा असतानाच दिसतं. शेतीचे सल्लागार मोबाइलवर फोटो काढून, मान हलवून, दोन दिवसांनी जे सांगतात ते बाई कात्री चालवता चालवता सांगून मोकळ्या होतात. पण त्यांच्याकडे टाय नाही. त्यामुळे तो सल्ला नसतो, बडबड असते.

तर हीच नजर त्यांनी स्वतःच्या अंगावर लावली. आता नीट ऐका, कारण पुढं सहा मजली इमारतीतल्या शिकलेल्या माणसांना हे नीट ऐकता आलेलं नाही.

मुलगा सोमनाथ झाला तेव्हा बाळंतपणात रक्त फार गेलं. दवाखान्यात पिवळट पाण्याच्या दोन बाटल्या शिरेतून चढवल्या. बाई वाचल्या. त्या वेळी काहीच झालं नाही. पुढं काही वर्षांनी हात मोडला, तर घरच्यांनी रीतीप्रमाणे बोकडाच्या पायाचा रस्सा पाजला. हाड मोडलं की पाया, ही आपल्याकडची घटना आहे, तिला दुरुस्ती नाही. तासाभरात अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. सासूनं निदान केलं: नैवेद्याआधी चाखलंस, त्याची शिक्षा. आमसुलाचं पाणी चोळलं, गांधी बसल्या, देव शांत झाला.

मग एकदा ताप आला. डॉक्टरनं लाल-पिवळी कॅप्सूल दिली. ओठ सुजले, घशाला कुणी दोरी आवळल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाला, "हे औषध तुम्हाला चालत नाही." बदलून गोळी दिली, ती चालली. पुढल्या वर्षी दुसरा डॉक्टर, दुसरं दुखणं, निळी कॅप्सूल. पुन्हा ओठ. पुन्हा घसा. आणि तेच निळ्या कॅप्सूलमधलं औषध गोळीच्या रूपात दिलं तर काही नाही.

बाई ओट्यावर बसून विचार करत राहिल्या. त्यांच्याच शब्दांत सांगते: "दुखणं येगळं, औषध येगळं, डागदर येगळा. मंग सारखं काय व्हतं? टरफल."

मग बाईंनी कॅप्सूल उघडली, आतली पूड चमच्यात घेऊन केळ्याच्या फोडीत घातली, खाल्ली आणि टरफल कोंबड्यांपुढे टाकलं. काही झालं नाही. पुढल्या दुखण्यातही तसंच केलं. काही झालं नाही. याला पुण्या-मुंबईत संशोधन म्हणतात. निफाडात याला म्हातारीचं खूळ म्हणतात.

सून तेजस्विनी आली तेव्हा घरात पहिल्यांदा कुणीतरी या खुळाला नाव विचारलं. ती बी.ए. झालेली, मोबाइलवर वाचायची सवय असलेली. तिनं शोधलं: बहुतेक कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचं असतं. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. पायाचा रस्सा गार झाला की जो थरथरतो, तोच हा. एरवी निरुपद्रवी. पण एखाद्याचं शरीर त्याला शत्रू ठरवतं, आणि मग टरफल असो की रस्सा, दिसला की झोडपतं.

"म्हणजी खूळ नव्हतं," नवसाबाई म्हणाल्या.

"नाही आई."

"मंग जा, गावात सांगून ये."

गेल्या जानेवारीत बाई बागेत स्टुलावरून पडल्या. खुब्यापाशी हाड मोडलं. ॲम्ब्युलन्सनं नाशकात आणलं, एका मोठ्या हॉस्पिटलात. नाव सांगत नाही. नाव घेतलं की ते नोटीस पाठवतात आणि मग मला उत्तर द्यावं लागतं, आणि मी उत्तर द्यायला बसले की ते त्यांना आवडत नाही. एवढंच सांगते की दर्शनी भागात काचेच्या भिंतीवरून पाणी वाहतं आणि 'रुग्ण हाच देव' असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय. देवाला आपण काही विचारत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे.

भरतीच्या काउंटरवर तृप्ती नावाची मुलगी होती. कामाला चटपटीत. एका हातानं फोन, दुसऱ्यानं कीबोर्ड.

"पेशंटला कसली ॲलर्जी?" तिनं विचारलं.

"नाय ओ मॅडम," सोमनाथ म्हणाला. "आमच्यात नसती तसली भानगड."

स्ट्रेचरवरून आवाज आला. "हाय! टरफलाची हाय!"

"कसलं टरफल, आजी? शेंगांचं?"

"अगं कॅप्सूलचं!"

सोमनाथ ओशाळला. "सोडा मॅडम. वय झालंय."

तेजस्विनी पुढं झाली. "जिलेटिन म्हणायचंय त्यांना. प्राण्यांच्या हाडांपासून करतात ते. आईंना ते चालत नाही."

तृप्तीच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. हाडं, प्राणी, चालत नाही! नाशकात वाढलेल्या मुलीला एवढ्यावरून जे कळायला हवं तेच तिला कळलं. "अच्छा, शाकाहारी आहेत! मग असं सांगा ना. आम्ही सगळ्यांच्या भावना जपतो."

आणि तिनं टाइप केलं. ॲलर्जी: नाही. आहार: शुद्ध शाकाहारी, प्राणिजन्य पदार्थ नको.

बघा हं, मुलीनं काही दुष्टपणा केला नाही. उलट काळजीच घेतली. पण आपल्याकडे एखाद्या बाईनं 'हाडाचं नको' म्हटलं की तो धर्म असतो, व्रत असतं, सोवळं असतं. नुसत्या शरीराचंसुद्धा काही म्हणणं असू शकतं, हे आपल्या डोक्यात शिरतच नाही. शिवाय शाकाहाराची नोंद स्वयंपाकघरात जाते. ती भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे कशाला जाईल?

रक्तदाब आणि साखर ताळ्यावर येईपर्यंत ऑपरेशन दोन दिवस थांबलं. या दोन दिवसांत बाईंना दुधी, मुगाचं वरण, परत दुधी. तिसऱ्या दिवशी दुपारी नांदगावहून त्यांची धाकटी बहीण लताबाई आली. मोडलेल्या हाडाला भेटायला बहीण येते ती रिकाम्या हातानं येते का? थर्मास भरून पायाचा रस्सा.

"लते, मला मारायला आलीस व्हय?" नवसाबाई म्हणाल्या.

"अगं चार तास उकळलाय! चमचा उभा राहतोय त्यात!"

"त्यो चमचा तुझ्या घशात घाल. दुसऱ्या डब्यात काय हाय?"

दुसऱ्या डब्यात सुकट आणि बाजरीची भाकरी होती. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तिचा वास डब्यात राहत नाही, तो मजल्यावर राहतो. बाईंनी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवायला सुरुवात केली आणि नर्स आत आली. नर्सनं नाकाला रुमाल लावला, थर्मास पाहिला, सुकट पाहिली आणि तृप्तीला फोन केला.

तृप्ती वर आली ती फसवली गेल्यासारखी. "आजी! तुम्ही तर शाकाहारी ना?"

"कोन म्हनलं?"

"फाइलमध्ये लिहिलंय."

"मंग फाइलला दुधी घाला. मला सुकट ऱ्हाऊ द्या."

आजूबाजूच्या खाटा हसल्या. तृप्ती नाही हसली. तिनं खाली जाऊन जुनी नोंद खोडली आणि प्रामाणिकपणे नवी केली: रुग्ण मांसाहारी. प्राणिजन्य पदार्थ चालतात. ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' होतंच.

आता बघा गंमत. बाई पहिल्या दिवशी जे ओरडून सांगत होत्या, त्याच्या बरोब्बर उलटं वाक्य तिसऱ्या दिवशी शिक्क्यासह फाइलमध्ये तयार. आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी.

संध्याकाळी कागदांवर सह्या करताना तेजस्विनीला ते वाक्य दिसलं. तिनं मला फोन केला. आमची ओळख रेशनकार्डाच्या एका भांडणातली. मी बसनं पोचले, तोवर ती काउंटरपाशी उभी राहून राहून रडकुंडीला आली होती.

मी तृप्तीला शांतपणे विचारलं. हो, सुरुवात शांतपणेच केली होती.

"ताई, पेशंट मटण खाते, मासे खाते," तृप्ती म्हणाली. "मग तिला प्राण्यांच्या पदार्थाची ॲलर्जी कशी असेल? लॉजिक तरी बघा."

"पोरी, तुला गव्हाच्या शेतातून चालता येतं म्हणून गव्हाच्या कोठीत बुडवून काढली तर चालेल का?" एवढंच म्हणाले. यानंतरचं इथं छापण्यासारखं नाही. सिक्युरिटीवाला आला. तो मला ओळखत होता, म्हणून लांबच उभा राहिला.

पण मला गप्प केलं ते सोमनाथनं. बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पाया पडतो, हळू बोला. ऑपरेशन पुढं ढकललं तर? डॉक्टर म्हनले, जेवढी पडून राहील तेवढं वाईट. छातीत कफ व्हतो, पाठीला जखमा व्हत्यात. आमच्या मळ्यातली एक म्हातारी अशीच खाटंवर गेली ती परत उठली नाय. मी ॲलर्जी नाय सांगितली ती त्यासाठीच. मला वाटलं, नसत्या चौकशा काढून परत धाडतील."

त्याचं चुकलं होतं, पण खोटं नव्हतं. थांबलं तर बाई कदाचित कायमच्या खाटेवर. आणि त्या फाइलसह आत गेल्या तर कदाचित टेबलावरच. माझा आवाज खाली आला. असं फार वेळा होत नाही.

राउंडला मोठे सर्जन आले. मी सांगितलं, तेजस्विनीनं सांगितलं. सर्जन हसले. हाताखालचे दोघेही हसले. त्यांना तेवढ्यासाठीच सोबत आणतात. "मावशी, ऑपरेशनमध्ये आम्ही कॅप्सूल देतच नाही. झालं समाधान?"

खरं सांगू? मला पटलं. सोमनाथचा चेहरा सैल झाला. हाडाच्या ऑपरेशनात कॅप्सूल कुठून येणार?

नवसाबाईंनी विचारलं, "आन् शिरंतून काय घालता?"

"सलाइन."

"समदं सलाइन पान्यासारखं असतं का? सोमनाथाच्या टायमाला पिवळं व्हतं."

सर्जननी घड्याळ पाहिलं. "ते भूलवाले बघतात," असं म्हणून देव पुढच्या खाटेकडे गेले.

सकाळी आठ वाजता संमतीचा कागद आला. इंग्रजीत, चार पानं, बारीक टाइप. ब्रदरनं शाईची डबी उघडली. "आजी, अंगठा."

नवसाबाईंनी दोन्ही हातांच्या मुठी वळल्या, अंगठे आत.

"आजी, टाइम नाही."

"ज्यो मला झोपवनार हाय, त्याला आधी हितं आना. मी झोपल्यावर जागं कोन ऱ्हानार, त्याचं तोंड तरी बघू द्या."

"ते आत थिएटरमध्ये भेटतील."

"आत मी आडवी. हितं बोलते."

ब्रदरनं सोमनाथकडे पाहिलं: मग तुम्ही सही करा. मी मध्ये पडले. पेशंट शुद्धीवर आहे, धड बोलते आहे, तिच्या नाकावर टिच्चून मुलाची सही चालत नाही, हे मी त्याला मराठीत समजावलं. स्ट्रेचर दारात, वॉर्डबॉय जांभया देतोय, वरून थिएटरचे फोन. सोमनाथ खाटेपाशी वाकला.

"आई, हट्ट सोड गं. नंबर जाईल आपला."

"सोम्या, बागेत औषध मारायच्या आधी तू डब्यावरचं वाचतो का नाय?"

"वाचतो."

"द्राक्षाला वाचतो. मला नाय?"

सोमनाथ उठला. ब्रदरला म्हणाला, "बोलवा डॉक्टरांना. आम्ही थांबतो. नंबर गेला तर जाऊ द्या."

वीस मिनिटांनी भूलतज्ज्ञ आल्या. डॉक्टर अपूर्वा. हिरवी टोपी, पायात रबरी चपला, वय पस्तिशीच्या आत. मला वाटलं, आता ही आपल्याला झापणार. मी बाह्या सावरल्या. तिनं स्टूल ओढलं आणि खाटेपाशी बसली.

"बोला आजी. काय सोसत नाही तुम्हाला?"

एवढा साधा प्रश्न. साडेतीन दिवसांत पहिल्यांदा. नवसाबाईंनी मूठ न सोडता सगळं सांगितलं: पिवळ्या बाटल्या, पाया, लाल कॅप्सूल, निळी कॅप्सूल, केळ्यातली पूड. अपूर्वानं मध्ये तोंड घातलं नाही. मग विचारलं, "पाया प्यायल्यावर किती वेळानं गांधी?"

"दोन परातीच्या भाकरी व्हईस्तोवर."

"म्हणजे तासभर. आणि कॅप्सूलनंतर?"

"लवकर. त्यात घसाबी आवळला."

"दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त?"

"जास्त. आवाजच जाया लागला."

अपूर्वानं फाइल उघडली. ॲलर्जी: नाही. मांसाहारी. प्राणिजन्य पदार्थ चालतात. तिनं ते दोनदा वाचलं. मग तिथंच उभं राहून थिएटरला फोन केला. "माझ्या ट्रेमधली जिलेटिनची बाटली काढा. हो, तीच, रक्तदाब पडला तर चढवायला ठेवलेली. काढा म्हणजे खोलीबाहेर न्या. आणि सर्जनच्या सामानात रक्त थांबवणारा स्पंज असेल, तोही जिलेटिनचा असतो. तोही बाहेर. झटका आलाच तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून ठेवा."

बाटली होती. आत, ट्रेमध्ये, हाताशी ठेवलेली. कॅप्सूल आम्ही देतच नाही म्हणे.

"ऐकलंस?" नवसाबाई सोमनाथला म्हणाल्या.

मग अपूर्वानं समजावलं. आपल्या रक्तात राखणदार असतात. नवा पदार्थ आत आला की बहुतेकांचे राखणदार त्याला ओळख देऊन सोडतात. काहींचे मात्र त्याचं नाव गुन्हेगारांच्या वहीत चढवतात आणि त्याच्यासाठी खास प्रतिपिंड बनवून ठेवतात. आय-जी-ई म्हणतात त्यांना. पहिल्या वेळी म्हणूनच काही दिसत नाही. तेव्हा नुसती नोंद होते. बाईंची नोंद बहुधा सोमनाथच्या वेळच्या त्या पिवळ्या बाटल्यांनी झाली असावी, त्याही जिलेटिनच्याच असणार. आज खात्रीनं सांगता येत नाही. पुढल्या वेळी तोच पदार्थ दिसला की हे प्रतिपिंड शरीरातल्या दारूगोळ्याला बत्ती देतात. गांधी, सूज, घसा बंद, रक्तदाब तळाला.

"पण मटण खाते मी," नवसाबाई म्हणाल्या.

"मटणाच्या बोटी, नुसते मांसाचे तुकडे खाता. बोटीत जिलेटिन थोडंच, पायात भरपूर. आणि तोंडानं गेलं तर पोट त्याची थोडी मोडतोड करतं. शिरेतून गेलं तर थेट रक्तात, अडवायला कुणी नाही. कॅप्सूलनं ओठ सुजले असतील, तर बाटलीनं काय झालं असतं ते मला आत जाऊन बघायचं नाहीये."

मला त्या क्षणी बाईंच्या शरीराचा फार अभिमान वाटला. एकदा केलेली नोंद ते कुणाची सुकट पाहून खोडत नाही. आमच्या सरकारी-खाजगी कुठल्याच कचेरीत असला कारकून नाही.

"रक्ताची तपासणी पाठवते," अपूर्वा म्हणाली. "रिपोर्टला आठवडा लागेल. तोवर थांबायचं नाही, हाड थांबू देणार नाही. तुम्हाला ॲलर्जी आहे असंच धरून चालू. चालेल?"

नवसाबाईंनी मुठी सोडल्या. ब्रदरनं घाईनं शाईची डबी पुढं केली.

"ती ठेव तुझ्याकडं. सही येती मला. पेन दे."

ऑपरेशन अडीच तास चाललं. मध्ये रक्तदाब पडला. अपूर्वानं नंतर सांगितलं तेव्हा कळलं, नाहीतर आम्ही बाहेर काचेवरचं पाणी बघत बसलो होतो. अशा वेळी हात सवयीनं त्या बाटलीकडेच जातो. बाटली तिथं नव्हती. दुसरं सलाइन चढवलं, रक्त चढवलं, दाब वर आला. दुपारी बाई शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "लतीनं डबा नेला का?"

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. जिलेटिनचे प्रतिपिंड, भरपूर. सोमनाथनं तो रिपोर्ट मोबाइलवरून गावच्या ग्रुपवर टाकला. त्यावर बावीस जणांनी अंगठा दाखवला आणि एकानं विचारलं, 'मग आता कॅप्सूल सोलून खायची का सगळ्यांनी?' तर नाही, बाबांनो. अपूर्वानं बाईंनासुद्धा सांगितलं की काही औषधं उघडून घेतली तर पोटात चुकीच्या जागी सुटतात. सोलत बसू नका, डॉक्टरकडे गोळी मागा किंवा वनस्पतीच्या टरफलाची कॅप्सूल मागा, मिळते. आणि काही लसींतही जिलेटिन असतं, म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांनी लस टोचण्याआधी सांगायचं. सांगायचं, म्हणजे टाळायची नाही. माझं नाव पुढं करून कुणी लस चुकवली तर मी घरी येईन.

डिस्चार्जच्या दिवशी कागद आला. छापील, सुबक. ॲलर्जी: नाही. आणि औषधांच्या पुडीत व्हिटॅमिनच्या कॅप्सूल: मऊ, गोल, काचेच्या मण्यासारख्या, अखंड जिलेटिनच्या.

नवसाबाईंनी एक उजेडात धरली. "ही तर सोलताबी येत न्हाई."

मी खाली गेले. तृप्ती म्हणाली, "ताई, भरतीच्या वेळी जे टाकलं ते सिस्टिममध्ये लॉक होतं. मला बदलता येत नाही. आहार बदलता येतो."

दुधी बदलता येतो, मरण बदलता येत नाही. मी आवाजाची तयारी करत होते, पण तिचं तोंड बघून थांबले. मुलगी तीन दिवस नीट झोपली नसावी. ट्रेमधल्या बाटलीचं तिच्या कानावर गेलं होतं. ती म्हणाली, "ताई, मी वर येऊ का? आजींना विचारून हातानं लिहिते."

ती वर आली. कोरा कागद घेतला, खाटेपाशी तेच स्टूल ओढलं. "सांगा आजी. काय लिहू?"

"म्या सांगते तसंच लिहिनार? का सुधारनार?"

"तसंच लिहिते."

नवसाबाई सांगत गेल्या, तृप्ती लिहीत गेली. टरफलाचं सोसत नाय. पायाचा रस्सा सोसत नाय. पिवळी बाटली शिरंत लावू नये. मटन चालतं, सुकट चालती. खाली अपूर्वानं डॉक्टरी भाषेत दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. मऊ कॅप्सूल परत गेल्या, त्यांच्या जागी गोळ्या आल्या. सोमनाथनं कागदाला प्लास्टिक करून आणलं. बाई आता काठी घेऊन बागेच्या बांधापर्यंत जातात, आणि तिथं उभ्या राहून बाकीच्या बायकांच्या विरळणीला नावं ठेवतात.

तर आता तुम्ही. माझं लिहिणं आवडलं म्हणून मान हलवून पान उलटू नका. तुमच्या घरात जी कुणी मोठी माणसं आहेत, आई, सासू, आजोबा, सासरे, त्यांच्यापाशी आज स्टूल ओढून बसा आणि विचारा, "तुम्हाला काय सोसत नाही?" हसू नका, मध्ये बोलू नका, 'वय झालंय' म्हणू नका. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा, आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर तो कागद काउंटरवर नाही, त्यांना भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्या.